सायलेन्सर बंदुकीला, काळजी कानाची

मॅक्झिम मशिनगनचे जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम यांना उतारवयात जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. वर्षानुवर्षे स्वतःच्याच बंदुकांच्या कडकडाटात काम केल्याची ती किंमत होती. त्यांचे चिरंजीव हायरम पर्सी मॅक्झिम यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत बंदुकीच्या ‘सायलेन्सर’चे पेटंट मिळवले. पुढे त्यांच्या कंपनीने हेच तत्त्व इंजिनांचा आवाज कमी करण्यासाठीही वापरले. बापाच्या यंत्राने कान गेले आणि मुलाच्या यंत्राने आवाज कमी केला, असा हा एकाच घरातला इतिहास आहे.

चित्रपटांनी मात्र या उपकरणाची भलतीच प्रतिमा तयार केली. नळीला एक नळकांडे लावले, ‘फुस्स’ असा आवाज आला आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ताही लागला नाही! प्रत्यक्षात रायफलला असा गप्प बसवणारा सायलेन्सर अस्तित्वात नाही. म्हणूनच तज्ज्ञ त्याला ‘सप्रेसर’, म्हणजे आवाज दाबणारा, म्हणतात. तो आवाज संपवत नाही, कमी करतो. किती कमी करतो आणि त्यासाठी किती वजन वाहावे लागते, हे प्रश्न शिकारी, नेमबाज आणि सैनिक यांच्या कानांच्या आरोग्याशी थेट जोडलेले आहेत.

एका गोळीत काय होते?

रायफलच्या आवाजाची तीव्रता नळीच्या तोंडाजवळ साधारण १५५ ते १७० डेसिबलपर्यंत जाते. क्षणिक स्फोटक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानली जाते. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नसते. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. त्यामुळे १६५ डेसिबलच्या आवाजात १४० डेसिबलच्या तुलनेत तीनशेपटींहून अधिक ऊर्जा असते. आपल्या ओळखीचे उदाहरण घ्यायचे तर, भारतात फटाक्यांसाठी चार मीटर अंतरावर १४५ डेसिबल ही कमाल मर्यादा आहे. रायफलचा आवाज त्याच्याही पुढचा, आणि तोही कानापासून हातभर अंतरावर.

मोठा आवाज आला की मधल्या कानातले बारीक स्नायू आकसतात आणि आत जाणारा ध्वनी थोडा रोखतात. पण या प्रतिक्षिप्त क्रियेला काही दशांश सेकंद लागू शकतात, तर गोळीचा तडाखा काही सहस्रांश सेकंदांत संपतो. दार लावायच्या आत चोर घरात शिरून गेलेला असतो. अंतर्कर्णातील शंखाकृती कॉक्लियामध्ये सुमारे पंधरा हजार संवेदक रोमपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीला फटका बसतो तो साधारण ४००० हर्ट्‌झच्या आसपासच्या आवाजांना. बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे वर्ण मग नीट कळेनासे होतात. उजव्या खांद्यावर रायफल टेकवणाऱ्याचा डावा कान अधिक खराब होतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्याला डोक्याचा थोडा आडोसा मिळतो.

अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित शास्त्रज्ञ शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून आणखी एक गोष्ट दाखवली. मोठ्या आवाजानंतर बिघडलेली श्रवणक्षमता काही दिवसांत चाचणीपुरती पूर्ववत होते, तरीही रोमपेशी आणि मज्जातंतू यांच्यातील जोडण्या कायमच्या तुटलेल्या असू शकतात. म्हणजे ‘दोन दिवस कान वाजले, मग बरे झाले’ या वाक्यातल्या ‘बरे झाले’वर फार भरवसा ठेवता येत नाही.

नळकांड्याच्या आत

गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा तिच्यामागे प्रचंड दाबाचा तप्त वायू असतो. तो एकदम मोकळ्या हवेत फुटतो आणि स्फोटाचा आवाज होतो. सप्रेसर म्हणजे नळीच्या तोंडाशी जोडलेले, आत एकामागोमाग एक आडपडदे असलेले पोकळ नळकांडे. गोळी मधल्या भोकातून सरळ जाते, वायू मात्र पडद्यांमागच्या कप्प्यांत अडकतो, पसरतो, थंड होतो आणि सावकाश बाहेर येतो. मोटारसायकलचा सायलेन्सरही हेच करतो.

पण आवाज एवढाच नसतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर बहुतेक रायफलींच्या गोळीचा ८०० ते ९०० मीटरच्या घरात. ध्वनीला मागे टाकणारी गोळी वाटेत चाबूक फुटावा तसा कडाका काढत जाते आणि नळकांडे त्याला काहीही करू शकत नाही. तो टाळायचा तर कमी वेगाची काडतुसे वापरावी लागतात, मग गोळीची ताकद आणि पल्ला घटतो.

आवाज : आकडा कुठे मोजला?

चांगला सप्रेसर साधारण २० ते ३५ डेसिबल आवाज कमी करतो. ३० डेसिबलची घट म्हणजे ऊर्जा हजाराव्या हिश्श्यावर. ऐकायला हे चमत्कारासारखे वाटते. तरी १६५ मधून ३० वजा केल्यावर १३५ उरतात आणि जवळून ऐकलेला सायरन असतो सुमारे १२०! धोक्याच्या रेषेच्या जेमतेम खाली आलेला हा आवाज वारंवार झाला तर सुरक्षित म्हणता येत नाही.

उत्पादकांच्या जाहिरातींतील आकड्यांची तुलना करताना आवाज कुठे मोजला, हे पाहावे लागते. अमेरिकी लष्करी मानकानुसार मायक्रोफोन नळीच्या तोंडापासून डावीकडे एक मीटर अंतरावर, जमिनीपासून १.६ मीटर उंचीवर ठेवतात. पण तिथे कोणाचा कान नसतो. कान असतो रायफलच्या मागे. स्वयंचलित भरणीच्या रायफलीत सप्रेसरमुळे अडलेला वायू उलटा फिरतो आणि रिकामे काडतूस बाहेर पडते त्या खिडकीतून निसटतो. त्यामुळे नळीपाशी उत्तम ठरलेला सप्रेसर नेमबाजाच्या कानापाशी सामान्य ठरू शकतो. हाताने खटका ओढून भरायच्या रायफलीत हा प्रश्न येत नाही. उलट येणाऱ्या या वायूत विषारी घटकही असतात, ते डोळ्यांत-नाकात जातात. म्हणून काही नव्या रचनांत वायू अडवण्याऐवजी वळणावळणाने पुढेच सोडला जातो.

पहिल्या गोळीचा आवाज पुढच्या गोळ्यांपेक्षा बहुधा मोठा असतो, कारण नळकांड्यात आधीच असलेल्या प्राणवायूमुळे उरलेली दारू आत पुन्हा पेटते. नळीची लांबी आणि काडतूस बदलले की आकडा बदलतो. मोबाइलमधील ध्वनिमापक ॲपवर तर भिस्त ठेवूच नये. इतका तीव्र आणि क्षणिक दाब टिपण्यासाठी तो मायक्रोफोन बनवलेलाच नसतो.

वजन : टोकावरचे ओझे

आवाज कमी करायचा तर वायूला जागा हवी, आणि जागा हवी तर नळकांडे मोठे हवे. इथेच वजनाशी भांडण सुरू होते. रायफलच्या सप्रेसरचे वजन सुमारे तीनशे ते सहाशे-सातशे ग्रॅम. आकडा लहान वाटतो, पण हे वजन असते नळीच्या अगदी टोकाला. अर्धा लिटर पाण्याची बाटली छातीशी धरणे वेगळे आणि काठीच्या टोकाला बांधून तासभर तोलणे वेगळे.

टायटॅनियमची घनता पोलादाच्या निम्म्याहून थोडी जास्त, म्हणून शिकाऱ्यांची त्याला पसंती. दिवसभर रानात फिरून एखाद-दुसरी गोळी झाडणाऱ्याला तो उत्तम. मात्र लागोपाठ गोळीबारात नळकांडे तापते आणि टायटॅनियमची ताकद घटते. तिथे निकेलचे किंवा कोबाल्टचे मिश्रधातू लागतात आणि वजन पुन्हा चढते.

जोडणी : आट्यांचा प्रश्न

सर्वात साधी पद्धत म्हणजे नळीच्या तोंडावरच्या आट्यांवर सप्रेसर थेट फिरवून बसवणे. ती हलकी आणि स्वस्त, पण गोळीबाराच्या हादऱ्यांनी आणि उष्णतेने आटे सैल होऊ शकतात, अधूनमधून तपासावे लागतात. दुसरी पद्धत झटपट जोडणीची. नळीवर एक जोडतुकडा कायम राहतो आणि सप्रेसर त्यावर क्षणात अडकतो. सैन्याला ती सोयीची, पण वजन आणि किंमत वाढते, शिवाय काजळी साचून सांधा जाम होतो. उत्तर युरोपात तिसरा प्रकारही प्रचलित आहे. त्यात सप्रेसरचा काही भाग नळीवरून मागे येतो, त्यामुळे रायफल फार लांबत नाही आणि तोल बराचसा टिकतो.

जोडणी कोणतीही असो, सप्रेसर नळीशी अचूक एका रेषेत हवा. किंचित तिरका बसला तर गोळी आतल्या पडद्याला घासते, उपकरण फाटते आणि माणूस जखमी होऊ शकतो. टोकावरच्या वजनाने नेमही थोडा सरकतो. दरवेळी तो सारखाच सरकला तर दुर्बीण जुळवून घेता येते, त्यामुळे चांगल्या जोडणीची खरी कसोटी तीच.

कायदा आणि कान

नॉर्वे आणि न्यूझीलंडमध्ये शिकाऱ्याच्या हाती सप्रेसर सहज दिसतो. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने त्यावर २०० डॉलर कर आणि नोंदणी आली. १ जानेवारी २०२६ पासून कर शून्य झाला, नोंदणी कायम आहे. श्रवणरक्षणासाठी तो सुलभ असावा, असे समर्थक म्हणतात. गोळीबाराचा आवाज हीच लोकांना मिळणारी पहिली सूचना असते, ती दबू नये, असे विरोधक म्हणतात. भारतात शस्त्र कायदा, १९५९ नुसार आवाज कमी करणारे असे उपकरण ‘अग्निशस्त्रा’च्या व्याख्येतच मोडते.

अमेरिकी सैन्याने २०२२ मध्ये निवडलेली नवी ६.८ मिलिमीटरची रायफल मुळातच सप्रेसरसह आखलेली आहे. त्याने वजनात सुमारे साडेसहाशे ग्रॅमची भर पडते. तरी हे ओझे स्वीकारण्यामागे एक कारण स्पष्ट आहे. कानात सतत गुंजारव होणे, म्हणजे टिनिटस, ही त्या देशातील माजी सैनिकांना अपंगत्व भरपाई मिळवून देणारी सर्वांत मोठी तक्रार आहे. इअरप्लग सदोष असल्याच्या सैनिकांच्या दाव्यांत २०२३ मध्ये ‘थ्री-एम’ कंपनीने दोष मान्य न करता सुमारे सहा अब्ज डॉलरची तडजोड केली.

श्रवणतज्ज्ञांचा सल्ला म्हणूनच दुहेरी संरक्षणाचा आहे. सप्रेसर असला तरी कानात बोळे किंवा कानावर मफ हवेतच. मोठ्या बोअरच्या रायफलीला बोळे आणि मफ दोन्ही. इतर संरक्षण कानापाशी येऊन थांबते, सप्रेसर मात्र आवाज उगमापाशीच कमी करतो, हा त्याचा मोठा गुण. शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला आणि शिकारी कुत्र्यालाही त्याचा लाभ होतो.

बंदुकीशी कधीच संबंध न येणाऱ्यालाही यातला एक नियम लागू आहे. फटाका, डीजे, कारखान्यातला स्फोट, कारण काहीही असो, मोठ्या आवाजानंतर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा कान बधिर वाटला तर आठवडाभर वाट पाहू नये. एक-दोन दिवसांतच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करावी. सुरुवातीच्या दिवसांत उपचारांना जी संधी असते, ती नंतर मिळत नाही.