लारी : तारेचें आहत नाणें

पाणिनीनें 'रूप्य' हा शब्द रूपापासून 'आहत', म्हणजे ठोकून ठसा उमटविलेलें, या अर्थीं साधला आहे. अशा आहत रुप्याचा एक विलक्षण प्रकार सोळाव्या व सतराव्या शतकांत कोंकणच्या बंदरांत चालत असे. आमच्या जासईच्या दक्षिणेस असलेल्या चौलच्या व्यापाऱ्यांस तो चांगला परिचित होता. त्याचें नांव लारी.

हें नांव इराणांतील लार शहरावरून पडलें. सुमारें पावणेपांच ग्रॅम वजनाची रुप्याची तार मध्यें दुमडून, चपटी करून तिजवर ठसा मारीत. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहानें (१६५६–१६७२) आपल्या नांवाच्या लाऱ्या पाडल्या. सिंहलद्वीपांत तीच तार गळासारखी वांकवीत.

तारेपासून नाणें करण्याची रीत इतरत्रही होती. रशियांत १५३५ त येलेना ग्लिन्स्काया हिच्या राजवटींत तारेचे तुकडे ठोकून सुमारें ०·६८ ग्रॅमचें नाणें पाडूं लागले. त्यावरील स्वाराच्या हातीं भाला, 'कोप्यो', असल्यानें तें कोपेक झालें. पीटर बादशहाच्या काळीं त्याचें वजन ०·३ ग्रॅमच्याही खालीं आलें व १७१८ त तें पाडणें थांबलें.

दोन्ही नाण्यांत एक गोष्ट समान आहे. ठसा रुंद व तार अरुंद, म्हणून लेख बहुधा पुरा उमटत नाहीं. एका लारीवर राजाच्या नांवाचा अर्धा भाग, तर दुसरीवर सनाचा एखादा अंक. एका पोथींतील त्रुटित ओळ दुसरीवरून भरून काढावी, त्याप्रमाणेंच लारीचा लेख अनेक नाणीं शेजारीं ठेवून जुळवावा लागतो.

म्हणूनच ठेवा फुटणें ही येथें मोठी हानि होय. अजाण माणसास लारी ही मोडक्या दागिन्याची तार वाटते व ती सोनाराच्या मुशींत जाते. संग्राहकानें दोनचार निवडक नाणीं घेतलीं व बाकीचीं आटलीं, तर हातीं राहिलेलींही मुकीं होतात.

तरी संग्राहकांस विनंती कीं, ठेवा दृष्टीस पडतांच स्थळ, संख्या व प्रत्येकाचें वजन टिपून दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं. जमिनींत सांपडलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा १८७८ च्या कायद्यान्वयें जिल्हाधिकाऱ्यास कळवावा लागतो, हेंही सांपडविणाऱ्यास समजावून द्यावें. तसेंच कोंकणच्या जुन्या दप्तरांत 'लारी' शब्द आढळल्यास त्यास रुपया समजून बेरीज करूं नये. मूळ शब्द व आंकडा जसाच्या तसा उतरून घ्यावा.