अंदमानला निघताना अमावस्या बघा

अंदमानात डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. मुंबईच्या सवयीने साडेपाचला किनाऱ्यावर पोहोचणाऱ्याच्या वाट्याला नुसता अंधार येतो. कारण साधं आहे. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं, तर पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) ९२.७ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे चाळीस मिनिटांची तफावत. दिवस पहाटेच सुरू करावा, हे बरं.

पावसाचं गणितही वेगळं. नैर्ऋत्य मोसमी वारे केरळच्या आधी, मे महिन्यातच इथे येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरातही सरी असतात. त्यामुळे डिसेंबर ते एप्रिल हा काळ सोयीचा.

तारीख मात्र तिथी पाहून ठरवावी. कोकणातले मच्छीमार तिथीवरून भरती-ओहोटी सांगतात, ती युक्ती इथेही उपयोगी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं तसं पाणी ओसरतंही खूप. शहीद द्वीपावरची प्रवाळखडकाची नैसर्गिक कमान गाठायची तर ओहोटीच हवी. खडकांतल्या डबक्यांत तेव्हा समुद्रकाकड्या पडलेल्या दिसतात. अमावस्येला आणखी एक फायदा: स्वराज द्वीपाजवळ काळोख्या पाण्यात वल्हं मारलं की कधीकधी निळसर उजेड चमकतो. पाणी ढवळलं की डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय जीवांत ल्युसिफेरिनची रासायनिक क्रिया होते, त्याचा हा प्रकाश. पौर्णिमेच्या चांदण्यात तो हरवतो.

समुद्र खवळला की बेटांमधल्या बोटी रद्द होतात. परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढावी; सेल्युलर जेलही तेव्हा पाहून होतं.