‘भिऊ नको’च्या पुढचे चार शब्द

“सिझर करावे लागेल,” हे वाक्य डॉक्टर बहुधा नवऱ्याला किंवा वडिलांना बाजूला बोलावून सांगतात. मग ते आईला कळते, सासूला कळते, गावाकडे फोन जातो. रक्त कोण देणार, पैसे किती लागणार, याची चर्चा सुरू होते. जिच्या पोटावर शस्त्रक्रिया व्हायची ती मात्र आत खाटेवर पडून दारातल्या माणसांचे चेहरे वाचीत असते. तिच्यापर्यंत पोचते ते एवढेच : “माय, भिऊ नको, काही होत नाही.”

या वाक्यातली माया खरी असते. पण त्यात माहिती काहीच नसते. ‘काही होत नाही’ म्हणजे नेमके काय होणार, हे न कळल्यामुळेच तर भीती वाढते. अंधाऱ्या खोलीत जायचे असेल तर धीरापेक्षा दिवा अधिक उपयोगी पडतो.

धर्माबाद हे नांदेड जिल्ह्याचे टोकाचे गाव. रेल्वेने पुढचे स्टेशन बासर, म्हणजे तेलंगणा. मिरचीच्या बाजारामुळे दोन्हीकडच्या माणसांची इथे ये-जा, आणि सोयरिकीही दोन्हीकडे. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते तेव्हा तिच्याबरोबर सिझरच्या गोष्टीही सीमा ओलांडून येतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात शंभरांतली सुमारे २५ बाळंतपणे सिझेरियनने झालेली आढळली. तेलंगणात ६० हून अधिक, म्हणजे देशात सर्वांत जास्त. त्यामुळे एकीकडची मावशी म्हणते, “आजकाल सगळ्यांचंच होतं,” तर दुसरीकडची आजी म्हणते, “पैशासाठी पोट फाडतेत.” पोटुशी लेक दोघींच्या मधे बसलेली असते.

आजीचा संशय अगदीच निराधार नाही. त्याच पाहणीत देशभरातल्या खासगी दवाखान्यांत हे प्रमाण ४७ टक्के, तर सरकारी दवाखान्यांत १४ टक्के निघाले. पण वार खाली असेल, बाळ आडवे असेल, त्याचे ठोके मंदावत असतील, तेव्हा हीच शस्त्रक्रिया दोन जीव वाचवते. म्हणून “माझे सिझर कशासाठी?” हा प्रश्न विचारणे बाईचा हक्कच आहे. नवव्या महिन्यात शांतपणे विचारला तर या प्रश्नातून विश्वास वाढतो. ऑपरेशनच्या दारात विचारला तर त्याचे भांडण होते.

भीती तरी कशाकशाची असते? पहिली पाठीतल्या सुईची. ‘ती सुई घेतली की जन्माची कंबर जाते,’ हे घरोघरी ऐकू येते. प्रत्यक्षात सुई टोचलेली जागा काही दिवस दुखते, काहींचे डोके दुखते आणि त्यावर उपाय असतो. कायमच्या कंबरदुखीशी त्या सुईचा संबंध आढळलेला नाही. गरोदरपणातला भार, वाकून पाजणे, वाकून उचलणे यांनीही कंबर धरते. दोष मात्र सुईच्या माथी येतो.

दुसरी भीती मधेच दुखेल याची. सुई दिल्यावर काही मिनिटांत कमरेखालचा भाग बधिर होतो. बाई मात्र शुद्धीवर असते. पोटात ओढल्यासारखे, दाबल्यासारखे जाणवते, पण दुखायला नको. दुखले तर तिथेच सांगायचे, भूलतज्ज्ञ उशाशीच असतात. चीर दिल्यावर बाळ बहुधा दहा मिनिटांच्या आत बाहेर येते. उरलेला वेळ टाके घालण्यात जातो आणि सारे मिळून पाऊण ते एक तास लागतो. मधे मळमळेल, अंग थरथरेल, दात वाजतील. हे आधी सांगितलेले नसेल, तर बाईला वाटते आपला जीवच चालला. सांगितलेले असेल, तर ती म्हणते, हे तर होणारच होते. फार घाई असेल तर पूर्ण भूल द्यावी लागते. तेही आधीच कानावर घालावे.

तिसरी भीती दुधाची. सिझर झाल्यावर दूध कधीकधी थोडे उशिरा उतरते, पण उतरते. आई आणि बाळ ठीक असतील तर पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावता येते. त्या वेळी आधाराला एक जाणती बाई हवी.

हे सांगायचे कोणी? डॉक्टरांनी तर सांगावेच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तो दिवस यासाठी चांगला. पण नर्सताई आणि आशाताई यांचे शब्द अधिक खोल उतरतात, कारण ते घरच्या बोलीतले असतात. या भागात मराठी, तेलुगू, उर्दू, बंजारा अशा बोली एकाच वॉर्डात नांदतात. संमतीच्या कागदावर सही घेण्याआधी त्यातला मजकूर तिच्या भाषेत तिला समजावून दिला, तर निम्मी धास्ती तिथेच उतरेल.

सोबतीचे मोल तर आता तपासून पाहिलेले आहे. २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात २६ अभ्यास आणि १५ हजारांहून अधिक बाळंतिणींची माहिती एकत्र केली होती. कळांच्या वेळी सतत कोणी जवळ असलेल्या बायकांचे अनुभव कमी कडवट निघाले, त्यांची सिझरेही कमी झाली. त्याच वर्षी सुरू झालेल्या केंद्राच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यावर भर आहे. ऑपरेशनच्या खोलीत सोबतीणीला जाऊ देत नसतील, तरी दारापर्यंत हात धरून जाता येतेच.

घरच्यांच्या हातात आणखी काही आहे. सासरी झालेल्या तपासण्यांची फाईल माहेरी येताना विसरू नये. सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि घरी पोचवणे मोफत आहे, हे तिला माहीत असावे. ‘माझ्यापायी बापाला कर्ज झाले’ ही टोचणीही भीतीइतकीच जड असते. शेजारणीच्या मृत बाळाच्या कथा तिच्यासमोर काढू नयेत. आणि झोपच उडाली, छाती सतत धडधडू लागली, आधीचे बाळ गेल्याचे दुःख वर आले, तर ‘मनाचे खेळ’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना सांगावे. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावरही मोफत बोलता येते.

‘भिऊ नको’ हे जरूर म्हणावे. मात्र त्यापुढे चार शब्द अधिक बोलावेत : सुई कुठे देतील, काय जाणवेल, बाळ कधी दिसेल आणि शुद्धीवर तुझ्याजवळ कोण असेल. ते ऐकण्याचा पहिला मान तिचा असावा. बाकीच्यांना मागाहून कळले तरी चालेल.