जुना टेम्पो घेताना

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकात टेम्पोवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरचा संसार कुठल्या ना कुठल्या मालवाहू गाडीवर चालतो. आमचे वडील फरशी बसवण्याची कामे घेतात. माल आणण्यासाठी जुना टेम्पो घेण्याचे घरात ठरले आणि कागदपत्रे वाचण्याचे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने जे समजले ते येथे मांडत आहे.

'टेम्पो' हा शब्द मुळात जर्मनीतील एका कंपनीच्या गाडीचे नाव होय. तिच्या सहकार्याने पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने तीनचाकी गाड्या बनवल्या आणि ते नाव आपल्या बोलीत कायमचे रुळले. २००५ साली टाटांची 'एस' ही छोटी चारचाकी आली. लोकांनी तिचे 'छोटा हत्ती' असे बारसे केले. जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रथम तीच नजरेत भरते, कारण ती तुलनेने स्वस्त पडते.

गिऱ्हाईक सामान्यतः आधी किंमत विचारते, मग रंग आणि टायर पाहते. वस्तुतः पहिला प्रश्न गाडीचा नसून मालाचा आहे. आपल्या मालाचे वजन किती? एक इंच जाडीची शहाबादी फरशी चौरस फुटाला सुमारे ६ किलो भरते. म्हणजे बारा बाय बाराच्या एका खोलीची फरशी साडेआठशे किलोंच्या पुढे जाते. पस्तीस चौरस फुटांच्या हौद्यात ती आडवी रचली, तर थर जेमतेम चार-पाच इंचांचा होतो! हौदा रिकामा दिसतो, पण गाडी केव्हाच भरलेली असते. सिमेंटच्या वीस गोण्या किंवा पाण्याचे वीस लिटरचे पन्नास जार यांचाही एक टन होतो. हा हिशेब डोळ्यांनी होत नाही, तो वजनकाट्यावरच करावा लागतो.

दुसरा हिशेब आर.सी. बुकात असतो. त्यात गाडीचे रिकामे वजन आणि मालासहित एकूण वजन दिलेले असते. समजा, एकूण १,५५० व रिकामे ८५० किलो आहे, तर उरले ७००. त्यातून चालक आणि एक मजूर यांचे १३० किलो वजा करा. मालाला राहिले ५७०. विकणारा सांगतो, "दीड टन आरामात ओढते." ओढतेही, परंतु ओढणे वेगळे आणि थांबवणे वेगळे. घाट उतरताना जादा वजनाने ब्रेकचे ड्रम तापतात आणि ब्रेक लागेनासे होतात. जादा कमानपाटा बसवला म्हणजे गाडीची ताकद वाढली, हा मोठा गैरसमज आहे. पाटा वाढला तरी ब्रेक, ॲक्सल आणि चासी पूर्वीचीच राहते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे.

आता गाडीची पाहणी. पूर्वी तिने काय वाहिले, हे आवर्जून विचारावे. पाव-बिस्किटे वाहिलेली गाडी आणि वाळू-विटा वाहिलेली गाडी एकाच वर्षाची असली तरी एका वयाची नसते. रिकाम्या गाडीचे कमानपाटे सपाट झालेले किंवा उलटे वाकलेले असतील, पाट्यांच्या आधारापाशी चासीला तडा अगर वेल्डिंग दिसत असेल, तर ती गाडी सोडावी. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढल्यावर भसाभस धूर आला, तर इंजिनाचे काम जवळ आले असे समजावे. शेवटी नियमात बसेल एवढा माल भरून चढावर नेऊन पाहावी. क्लच घसरतो की नाही ते तेथेच कळते. उतारावर हँडब्रेक ओढून पाहण्यासही विसरू नये.

कागदांत पासिंग, विमा, थकलेली चलने आणि बँकेचा बोजा पाहावा. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचे पासिंग दरवर्षी करावे लागते; तो खर्च किमतीत धरावा. बोजा असल्यास तो उतरल्याचे बँकेचे पत्र हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असेल, तर परमिट लागत नाही.

हा सारा हिशेब मांडल्यावर आमच्या घरी छोट्या हत्तीचा विचार मागे पडला आणि थोडे कर्ज वाढवून सव्वा टनाची पिकअप घेतली. हप्ता मोठा आहे आणि वडिलांना तो अजून खुपतो. परंतु ती गाडी माझा थोरला भाऊ चालवतो, आणि फरशी घेऊन त्याला आठवड्यातून दोनदा घाट उतरावा लागतो. वाढीव हप्त्याचा हिशेब करताना ही गोष्टही मांडली पाहिजे, असे मला वाटते.