दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ : पोकर-स्पर्धेची अखेर

पत्ते म्हटले की आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि ते मोबाइलवर पैसे लावून खेळलेले असले तर बोलायलाच नको. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण ऑनलाइन पोकरच्या स्पर्धेचा जो शेवटचा टप्पा असतो, त्यात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहण्यासारखे पुष्कळ आहे. शेवटी जो अधिक धीट तोच जिंकतो, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात या टप्प्यातले सर्वांत कठीण काम म्हणजे हातात चांगली पाने असताना ती टाकून देणे.

खेळ थोडक्यात सांगते. प्रत्येकाला दोन पाने मिळतात व ती फक्त त्यालाच दिसतात. मग मेजावर सर्वांसाठी मिळून पाच पाने उघडली जातात. या सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत भारी, त्याचा डाव. मधूनमधून बोली होते. ज्याला पुढे जायचे नाही तो तीन पत्तीप्रमाणेच ‘पॅक’ करतो. स्पर्धेत प्रवेशशुल्क भरले की सर्वांना सारख्या चिप्स मिळतात. या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. त्या मध्येच मोडून रोकड घेता येत नाही, आणि संपल्या की माणूस बाहेर. शेकडो खेळाडूंपैकी साधारण दहा-पंधरा टक्क्यांनाच बक्षीस मिळते, त्यातही मोठा वाटा वरच्या दोघातिघांचा.

स्पर्धा कधीतरी संपावी म्हणून एक युक्ती केलेली असते. प्रत्येक डावात दोघांना पाने पाहण्याआधीच सक्तीने चिप्स लावाव्या लागतात. यांना लहान व मोठा ब्लाइंड म्हणतात, आणि ठरावीक मिनिटांनी त्यांची रक्कम वाढत जाते. म्हणून अखेरीस खेळाडू आपल्या चिप्स मोजतच नाही. आपल्याजवळ किती मोठे ब्लाइंड उरले, ते मोजतो. चाळीस हजार चिप्स ऐकायला पुष्कळ वाटतात. पण मोठा ब्लाइंड चार हजारांचा झाला असेल, तर ती दहाच मोठ्या ब्लाइंडांची शिदोरी. अशा वेळी थोडे लावून बघू हा प्रकार उरत नाही. एक तर सर्वच्या सर्व लावायचे, ज्याला ‘ऑल-इन’ म्हणतात, नाही तर पॅक.

आता मुख्य गोष्टीकडे येते. समजा तिघे उरले आहेत. तिघांजवळ सारख्याच, दहा-दहा हजार चिप्स आहेत. बक्षिसे ५,०००, ३,००० व २,००० रुपये. सगळे समान असल्याने प्रत्येकाच्या जागेची किंमत झाली सुमारे ३,३३३ रुपये. यांतील दोघे एकमेकांशी ऑल-इन झाले आणि दोघांनाही जिंकण्याची संधी निम्मी-निम्मी आहे असे धरू. हरणारा २,००० घेऊन घरी जाईल. जिंकणाऱ्याजवळ वीस हजार चिप्स होतील. पहिला येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरली, तर त्याच्या जागेची किंमत सुमारे ४,३३३ होते. म्हणजे चिप्स दुप्पट झाल्या, पण किंमत हजारानेच वाढली; उलट हरला असता तर तेराशे गेले असते. दोन्हींची सरासरी ३,१६७. हात उघडण्यापूर्वीच दोघांनी प्रत्येकी सुमारे १६७ रुपये घालवले! हे पैसे गेले कुठे? तिसऱ्याच्या खिशात. तो नुसता बसून होता, आणि त्याच्या जागेची किंमत ३,३३३ वरून ३,६६७ झाली. दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ ही म्हण इतकी तंतोतंत रुपयांत मांडलेली मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

याच आकड्यांवरून निघते की येथे समोरच्याचा ऑल-इन स्वीकारायचा, तर ब्लाइंडची भर सोडून, जिंकण्याची शक्यता शंभरात किमान ५७ हवी. दोन सत्त्यांची जोडी एक्का-राजाविरुद्ध शंभरात साधारण ५५ वेळा जिंकते. म्हणजे समोरच्याने पाने उघडी करून दाखवली तरी सत्त्या टाकणेच योग्य. मात्र जो आधी ऑल-इन करतो त्याला हा नियम तितका जाचत नाही, कारण समोरचा याच हिशेबाला भिऊन पॅक करण्याचा संभव असतो. मोठा ढीग जवळ असलेला खेळाडू शेवटी एवढी दादागिरी का करतो, त्याचे उत्तर यात आहे.

या हिशेबाला इंडिपेंडंट चिप मॉडेल असे नाव आहे. डेव्हिड हार्व्हिल याने १९७३ साली घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडलेले सूत्रच त्यात वापरतात. पोकरमध्ये १९८७ च्या सुमारास मेसन मालमथ याने ते आणले. आपल्याला वर्गात शिकवलेला घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त तो हाच, असे मला प्रथम वाटले. पण थोडा फरक आहे. तेथे घट माणसाच्या मनात होते. येथे ती बक्षिसांच्या उतरंडीत आहे. ज्याला प्रत्येक रुपया सारखाच वाटतो, त्यालाही ती चुकत नाही.

बक्षिसांची उतरंड बदलली की शहाणपणही बदलते. काही स्पर्धांत बक्षीस म्हणून दुसऱ्या मोठ्या स्पर्धेचा प्रवेश मिळतो, आणि तो सर्व विजेत्यांना सारखाच असतो. चौघे उरले, जागा तीन, आपल्याजवळ भरपूर चिप्स, आणि कोपऱ्यातल्या एकाजवळ जेमतेम एक ब्लाइंड. अशा वेळी आपल्याहून मोठ्या खेळाडूने ऑल-इन केले तर हातात दोन एक्के असले तरी पॅक करावे! एक्क्यांची जोडी कोणत्याही दोन पानांविरुद्ध शंभरात ८५ वेळा जिंकते खरी, पण नुसते बसून राहिल्यास जागा त्याहून अधिक खात्रीने मिळते. अमेरिकेतील टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर हा अशाच ऑनलाइन स्पर्धांतून, शंभर डॉलरांहून कमी खर्चात, २००३ साली लास व्हेगासच्या जागतिक मालिकेत पोहोचला. तेथे थेट प्रवेशाचे शुल्क १०,००० डॉलर होते. ८३९ जणांत तो पहिला आला व २५ लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्याच वर्षी त्या स्पर्धेला २,५७६ जण आले. (आडनाव खरोखरच मनीमेकर, मी ठेवलेले नाही.)

हे सारे मी शिकले ते माझ्या मावसभावाजवळ बसून. तो पुण्यात नोकरी करतो व २०२५ पर्यंत सुटीच्या दिवशी खेळत असे. एकदा तिघे उरले असताना त्याने एक्का-राणी टाकली. मी म्हटले, “दादा, एवढी चांगली पाने टाकलीस?” तो म्हणाला, “अगं, त्या दोघांना भांडू दे की.” पुढच्याच डावात ते भांडले आणि दोघेच उरले. मग मात्र दादा एकदम बदलला. मघाशी चांगली पाने टाकणारा हा माणूस आता नुसत्या राजावर सर्व चिप्स लावू लागला. कारणही तसेच होते. दुसऱ्याचे बक्षीस आता खात्रीचे. लढत फक्त वरच्या फरकासाठी. शेजारी बसून फायदा घेणारा तिसरा कोणी नाही, त्यामुळे येथे चिपची किंमत घटत नाही. शिवाय दोघांत प्रत्येक डावाला दोघांनाही ब्लाइंड भरावाच लागतो. वाट पाहणे परवडत नाही. त्या दिवशी तो दुसरा आला.

पोकर हे कौशल्य की नशीब, यावर आपल्याकडे न्यायालयांतही वाद झाले. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली पोकरला जुगारात काढले. मला विचाराल तर अखेरच्या टप्प्यात कौशल्य आहे, आणि ते बरेच आहे. पण दादाच्या वहीत आणखी एक गोष्ट दिसली. ११० रुपये शुल्कातले १०० बक्षिसांत जात, १० चालवणाऱ्या कंपनीला. एका वर्षात तो अशा १४० स्पर्धा खेळला. भरले १५,४०० रुपये, मिळाले १३,८५०. तोटा १,५५० चा, आणि त्यात कंपनीचा वाटाच १,४०० चा. म्हणजे इतर खेळाडूंशी तो जवळजवळ बरोबरीत होता. एवढे हिशेब करून बरोबरी! वहीत सर्वांत जास्त ओळी होत्या त्या अखेरपर्यंत पोहोचताच न आलेल्या दिवसांच्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कौशल्य असो वा नशीब, त्यात भेद ठेवला नाही. पैसे न लावता खेळण्यास मात्र मनाई नाही. दादाने तसे दोन दिवस खेळून पाहिले. त्या मेजावर तिघे उरले की पहिल्याच डावात तिघेही ऑल-इन करतात, हातात काहीही असो. दोन सत्त्या कोणी टाकतच नाही.