बंदिस्त सापांतील श्वसनविकाराची बाह्य लक्षणे

शिंदखेडा तालुक्यात साप माणसाच्या ताब्यात येतो तो बहुधा दोन प्रकारे : गारुड्याच्या टोपलीत, अथवा घरातून वा शेतातून पकडल्यावर सर्पमित्राच्या बरणीत. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये नाग, धामण, घोणस आदी साप परवानगीवाचून बाळगता येत नाहीत. तथापि पकडणे व सोडणे यांमधील काळातही सापास श्वसनविकार जडू शकतो. कित्येकदा तो आजारीच हाती येतो. अशा सापाला तसेच रानात सोडणे म्हणजे त्याला मृत्यूच्या स्वाधीन करणे होय.

सापाच्या शरीरात छाती व पोट यांमधील स्नायूंचा पडदा नसतो. फासळ्यांच्या स्नायूंनी तो श्वास घेतो. नागाचे डावे फुप्फुस जवळजवळ लुप्त झालेले असून उजवे लांबट असते. त्याच्या पुढील भागात वायूंची देवघेव होते, मागील भाग केवळ हवेच्या पिशवीसारखा असतो. माणसाप्रमाणे जोराने खोकून कफ बाहेर टाकणे सापाला साधत नाही. परिणामी स्राव आत साचत राहतो आणि विकार बळावेपर्यंत बाहेर फारसे काही दिसत नाही.

म्हणून पुढील लक्षणे ध्यानी घ्यावीत : मान उंचावून तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकपुड्यांशी वा ओठांशी बुडबुडे अथवा चिकट स्राव, श्वासागणिक घरघर किंवा शिटीसारखा आवाज, अन्नावरील वासना उडणे. डिवचल्यावरचा फूत्कार हे मात्र आजाराचे लक्षण नव्हे. साप शांत होताच फूत्कार थांबतो; घरघर शांतपणीही चालू राहते. भक्ष्य गिळल्यानंतरची क्षणिक जांभई स्वाभाविक असते. कात टाकण्याच्या सुमारास नाकपुडीत अडकलेल्या कातेनेही आवाज येतो, तो कात निघाल्यावर जातो.

थंडी, दमटपणा, अस्वच्छता व तोंडातील जखमा ही या विकाराची प्रमुख कारणे होत. पौष-माघातील खानदेशी रात्री उघड्यावर ठेवलेल्या बरणीतील साप मंदावतो. ते मांद्य थंडीचे असल्यास उबेत ओसरते. ऊब मिळूनही टिकले तर आजाराची शंका घ्यावी. ज्या नागाचे तोंड गारुड्याने शिवलेले असते, त्याची स्थिती सर्वांत बिकट. जखमांतील पू श्वासमार्गात उतरतो आणि तोंडच उघडत नसल्याने मुख्य लक्षण झाकले जाते.

असा साप स्वच्छ, कोरड्या, हवेशीर व उबदार पेटीत इतर सापांपासून वेगळा ठेवावा. वन विभागास कळवून पशुवैद्यकास दाखवावा. तोंडात औषध ओतू नये, कारण श्वासनलिकेचे मुख जबड्याच्या तळाशीच असते व द्रव थेट फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. विषारी सापाचे तोंड तपासणीसाठी उघडू नये. दुरून, निवांतपणे काही वेळ श्वास न्याहाळणे हीच येथे पहिली व सुरक्षित परीक्षा होय.