जर्मनीतील वैद्यकीय भाषापरीक्षा आणि अभ्याससाधनांची निवड

परक्या देशात वैद्यकीचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या डॉक्टरास त्या देशाचा परवाना मिळवावा लागतो. आणि परवान्याच्या परीक्षेची तयारी करताना पहिला प्रश्न उभा राहतो तो अभ्याससाधनांच्या निवडीचा. हा प्रश्न सामान्यतः वैद्यकशास्त्राच्या कक्षेतला मानला जातो. जर्मनीच्या बाबतीत मात्र त्याचा मोठा भाग भाषाविज्ञानाच्या कक्षेत येतो. व्यवसायास आवश्यक तेवढे जर्मन भाषेचे ज्ञान असल्यावाचून डॉक्टरास पूर्ण परवाना देऊ नये, असे तेथील वैद्यकविषयक संघीय कायदा सांगतो; आणि हे ज्ञान पारखण्यासाठी व्यावसायिक भाषेची एक स्वतंत्र परीक्षा घेतली जाते. वैद्यकीय ज्ञानाची परीक्षा तिच्याहून निराळी असते.

या भाषापरीक्षेची समान रूपरेषा घटक राज्यांच्या आरोग्यमंत्र्यांच्या परिषदेने जून 2014 मध्ये ठरविली. सर्वसाधारण जर्मन भाषेत युरोपीय मापनपद्धतीतील बी-2 ही पातळी हा पाया, आणि वैद्यकीय व्यवहारातील भाषेसाठी सी-1 ही पातळी, असा दुहेरी निकष तीत आहे. परीक्षेचे तीन भाग असून प्रत्येकास 20 मिनिटे दिलेली असतात. पहिल्या भागात रुग्णाची भूमिका करणाऱ्या परीक्षकाशी संभाषण करून रोगवृत्तान्त मिळवावयाचा. दुसऱ्यात त्या वृत्तान्ताचे लेखन करावयाचे. तिसऱ्यात तोच वृत्तान्त दुसऱ्या डॉक्टरापुढे तोंडी मांडावयाचा. उमेदवाराच्या वैद्यकीय ज्ञानास येथे गुण नसतात. एकच आशय तीन श्रोत्यांसाठी तीन भाषारूपांत उतरविता येतो की नाही, हे येथे पाहिले जाते.

परीक्षेचे हे स्वरूप ध्यानी घेतले म्हणजे साधनांच्या निवडीचा निकषही हाती येतो. एखाद्या ग्रंथात किती शब्द आहेत, हा प्रश्न गौण होय. तो ग्रंथ एका भाषारूपातून दुसऱ्यात जाण्याचा सराव देतो की नाही, हा मुख्य प्रश्न आहे.

प्रथम रुग्णाच्या भाषेचा विचार करू. जर्मन भाषेत कित्येक रोगांना दोन नावे आहेत. एक ग्रीक-लॅटिन मूळाचे, डॉक्टरांच्या आपसातील व्यवहाराचे. दुसरे देशी, सर्वसामान्यांच्या तोंडचे. डॉक्टर ज्यास ‘आपेंडित्सीटिस’ म्हणतो, त्यास रुग्ण ‘आंधळ्या आतड्याचा दाह’ अशा अर्थाच्या शब्दाने ओळखतो. वस्तुतः शरीररचनाशास्त्रात आंधळे आतडे हा निराळा अवयव आहे. परंतु लोकभाषा तो भेद पाळीत नाही. कंबरेत एकाएकी भरणाऱ्या कळेस रुग्ण ‘हेक्सेनशुस’, म्हणजे शब्दशः चेटकिणीने मारलेला बाण, असे म्हणतो. ‘क्रॉइत्स’ म्हणजे क्रूस. पण ‘क्रॉइत्स दुखतो’ याचा अर्थ कंबर दुखते. ‘श्टूलगांग’ या शब्दाची फोड खुर्ची आणि गमन अशी होत असली, तरी अर्थ शौचास होणे हा आहे. असे शब्द अवयवशः अर्थ लावून उलगडत नाहीत. ते संभाषणातच ऐकावे लागतात.

मराठीभाषी डॉक्टरास ही स्थिती अगदीच अपरिचित नाही. ‘उसण भरली’, ‘पोटात मुरडा येतो’, ‘अंगात कणकण आहे’ हे शब्द तो मराठीत ऐकतो आणि केसपेपरवर इंग्रजीत नोंद करतो. म्हणजे एका भाषारूपातून दुसऱ्यात जाण्याची सवय त्याच्या अंगी मुळातच आहे. परंतु ही सवय दोन भिन्न भाषांमधली आहे, आणि तीत लिहिण्याचे काम नेहमी इंग्रजीने केलेले आहे. त्यामुळे इंग्रजीच्या माध्यमातून जर्मन शिकविणारी साधने त्यास सोयीची वाटतात. आणि नेमका तेथेच धोका संभवतो. ‘आंजिना’ हा शब्द इंग्रजी वैद्यकात हृदयाच्या वेदनेचा वाचक आहे. जर्मन रुग्ण तोच शब्द घशातील गाठींच्या दाहासाठी योजतो. ‘गिफ्ट’ म्हणजे जर्मनमध्ये विष. मराठीमुळे होणारी अडचण याहून वेगळी. मराठीत ‘पोट’ हा एकच शब्द जठर व उदर या दोहोंचे काम करतो. जर्मनमध्ये ‘मागेन’ व ‘बाउख’ हे भेदाने वापरावे लागतात. पोटदुखीचे भाषांतर करताना त्यांपैकी कोणता शब्द घ्यावयाचा, हे रुग्णास आणखी एक प्रश्न विचारल्यावाचून ठरत नाही.

लेखनाच्या भागात अडचण शब्दांची नसून क्रियापदाच्या रूपांची आहे. रुग्णाने सांगितलेली गोष्ट आणि डॉक्टरास तपासणीत आढळलेली गोष्ट यांतील भेद जर्मन अहवालात क्रियापदानेच दाखविण्याचा प्रघात आहे. ‘एर हाट’ म्हणजे त्यास आहे, हे निश्चित विधान. ‘एर हाबे’ म्हणजे त्यास आहे असे तो सांगतो. मराठीत हे काम ‘म्हणे’ या शब्दाने किंवा ‘असल्याचे सांगतो’ अशा रचनेने होते. एका प्रत्ययावर ते अवलंबून नसते. म्हणून हा भेद मराठी उमेदवाराच्या नजरेतून सहज निसटतो. तो चुकला तर रुग्णाचे म्हणणे डॉक्टराचे निदान म्हणून वाचले जाण्याचा संभव असतो. पूर्ण अहवालांचे नमुने ज्यात नाहीत, असे साधन या भागासाठी निरुपयोगी समजावे.

आता प्रचलित साधनांचे बलाबल पाहता येईल. पुणे व मुंबई येथील मॅक्स म्युलर भवनांत शिकविली जाते तशी सर्वसाधारण जर्मन हा पाया होय. त्यावाचून पुढील सर्व व्यर्थ आहे, पण तेवढ्याने तीन भाषारूपे साधत नाहीत. ‘प्शिरेंबेल’ हा प्रसिद्ध वैद्यकीय कोश, ज्याची परंपरा ओटो डोर्नब्ल्यूट यांच्या 1894 च्या कोशापर्यंत जाते, पारिभाषिक संज्ञांचा अर्थ निश्चित करण्यास उत्तम; परंतु संभाषण शिकविणे हे त्याचे प्रयोजन नव्हे. संज्ञा आणि देशी शब्द यांच्या जोडयाद्या उपयुक्त असतात, मात्र त्या दोन्ही दिशांनी वापराव्या लागतात. रुग्णाचा शब्द ऐकून संज्ञा आठवणे ही एक क्रिया. संज्ञा मनात असता रुग्णास कळेल असे वाक्य तयार करणे ही दुसरी आणि अधिक कठीण क्रिया. बहुतेक उमेदवार केवळ पहिलीचा सराव करतात.

सर्वांत लोकप्रिय, आणि म्हणूनच सर्वांत जपून वापरावयाचे साधन म्हणजे पूर्वीच्या उमेदवारांनी स्मरणाने लिहिलेली प्रकरणवृत्ते. कोणत्या राज्यात कोणत्या रोगांची प्रकरणे येतात, कोठे संज्ञांची यादीही विचारतात, याची कल्पना त्यांतून येते. परंतु ती वृत्ते लिहिणारा स्वतः शिकाऊ असतो. त्याच्या व्याकरणाच्या चुका प्रतीबरोबर पुढे जातात. शिवाय पाठ केलेले प्रश्न क्रमाने विचारणारा उमेदवार रुग्णाच्या अनपेक्षित उत्तराकडे लक्ष देत नाही. रुग्ण मध्येच ‘वडील याच दुखण्याने गेले’ असे बोलून जातो, आणि उमेदवार पुढचा प्रश्न विचारतो. तेथे चूक शब्दाची नसते, ऐकण्याची असते. प्रकरणवृत्त हे विषयसूची म्हणून घ्यावे, संहिता म्हणून घेऊ नये.

तात्पर्य, साधन निवडताना तीन प्रश्न पुरेसे आहेत. त्यात रुग्णाची बोली ऐकावयास मिळते काय? पूर्ण अहवाल लिहावयास लावून तो जाणत्याकडून तपासून घेण्याची सोय आहे काय? तोच वृत्तान्त दुसऱ्या डॉक्टरापुढे तोंडी मांडावयास लावले जाते काय? एकच ग्रंथ तिन्ही गरजा भागवील, अशी अपेक्षा धरू नये. प्रत्येक गरजेस एक साधन निवडून ते अखेरपर्यंत वापरणे, दहा साधने अर्धवट चाळण्यापेक्षा श्रेयस्कर होय. परीक्षा एका तासाची असली, तरी तीत जे पारखले जाते ते पुढे रुग्णालयात रोज लागते. आणि तेथे समोर बसलेल्या रुग्णाने कोणतीही यादी वाचलेली नसते.